वाचक विचारतात : दारू सुटली, मग सिगरेटचं काय?

प्रश्न : ताई, माझे मिस्टर ४६ वर्षांचे. बारा-तेरा वर्षं रोज प्यायचे, मग ॲडमिट केलं, आता अकरा महिने एक थेंब घेतलेला नाही, एएच्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडलेल्यांचा ग्रुप) मीटिंगलाही जातात. पण सिगरेट आधी दिवसाला सात-आठ होत्या त्या आता वीस-बावीस झाल्यात. बोलले की म्हणतात दारू सोडली ना, आता हेपण काढून घेतेस काय. त्यांच्या ग्रुपमधले जुने लोकही सांगतात की दोन्ही एकदम सोडू नको, परत बाटलीकडे जाशील. सासूबाई म्हणतात ओढू दे गो, घर शांत आहे ना. मी गप्प बसू की बोलू?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : सासूबाईंचं मला पटत नाही पण कळतं मात्र पूर्ण. ज्या घरात रात्री गेट वाजलं की पोटात गोळा यायचा त्या घराला सिगरेटचा धूर म्हणजे काय, काहीच नाही. पण तुम्ही गप्प बसू नका, फक्त बोलायची पद्धत बदला.

आधी ग्रुपमधल्या सल्ल्याबद्दल. तो लोक मनापासून देतात, वर्षानुवर्षं देत आलेत, आणि बऱ्याच अंशी चुकीचा आहे. एए १९३५ मध्ये ज्या दोघांनी सुरू केली त्यातले बिल विल्सन, ते छत्तीस वर्षं सोबर राहिले आणि १९७१ मध्ये गेले ते एम्फिसीमा आणि न्यूमोनियाने, म्हणजे फुप्फुसं सिगरेटने आधीच खलास झालेली. अमेरिकेत मेयो क्लिनिकने व्यसनमुक्तीचे उपचार घेतलेल्या ८४५ पेशंट्सचं पुढे काय झालं ते तपासलं, १९९६ मध्ये ते छापून आलं. त्यांच्यातले जे वारले त्यातले निम्मे, ५१ टक्क्यांच्या आसपास, तंबाखूशी संबंधित आजारांनी गेले आणि दारूशी संबंधित कारणांनी ३४ टक्के. म्हणजे माणूस दारूतून वाचवायचा आणि पाकिटाला द्यायचा, असला हिशोब.

आणि परत पिण्याची भीती? २००४ मध्ये १९ अभ्यास एकत्र करून बघितले, तेव्हा व्यसनाच्या उपचारांसोबत सिगरेट सोडायला मदत मिळालेल्यांची पुढे नशेपासून लांब राहायची शक्यता २५ टक्क्यांनी जास्त निघाली. त्याच वर्षीच्या एका अमेरिकन ट्रायलमध्ये मात्र दोन्ही एकदम सोडायला लावलेल्यांचं दारूचं गणित थोडं बिघडलेलं दिसलं, सहा महिने थांबून सिगरेटकडे वळलेल्यांपेक्षा, हेही सांगायला हवं नाहीतर मी एकाच बाजूची वकिली केल्यासारखं होईल. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत, माणूस अजून थरथरत असताना, डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं. तुमचे मिस्टर अकरा महिन्यांवर आहेत, त्यांनी आणखी कशाची वाट बघायची?

मला विचाराल तर सिगरेटचा दारूला खरा उपयोग असा की ती सवय जिवंत ठेवते. मन घाबरलं, चिडलं, रिकामं वाटलं की बाहेरून काहीतरी घ्यायचं आणि दहा-वीस सेकंदांत बरं वाटायचं, ही तालीम दिवसातून बावीस वेळा चालू आहे. त्यात संध्याकाळी सात वाजता बाजारात रोस-ऑम्लेटच्या गाड्यापाशी उभं राहून ओढायची आणि बाजूलाच बार, मार्च आला की उर्राकाचा, म्हणजे काजूच्या दारूचा, वास, मग डोकं सिगरेटवर थांबेल कशाला.

आता काय करायचं. "सोड" म्हणू नका, "सकाळची पहिली कधी लागते?" एवढंच विचारा. उठल्यापासून अर्ध्या तासात लागत असेल तर निकोटिनची पकड घट्ट आहे आणि नुसत्या मनाच्या जोरावर होणार नाही, निकोटिनचा पॅच, म्हणजे अंगाला चिकटवायची पट्टी, आणि वर तलफेला निकोटिनचा गम असं दोन्ही मिळून बरं चालतं, डोस डॉक्टर ठरवतील. बावीस सिगरेटवाला माणूस दिवसाला दोन गम खातो आणि म्हणतो कायच होत नाही, तसं करू नका. सिगरेट सोडायच्या गोळ्याही आहेत, पण दारू सोडताना कधी फिट आली असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण त्यातली बुप्रोपिऑन फिट येणाऱ्याला देत नाहीत. दारू सोडण्याची कुठली गोळी चालू असेल तीही दाखवा. बांबोळीच्या आयपीएचबीत, म्हणजे सरकारी मानसोपचार हॉस्पिटलात, हे बोलता येईल.

आणखी एक, हे कोणीच सांगत नाही. सिगरेटच्या धुरामुळे लिव्हर कॅफिन भराभर काढून टाकतं. ओढणं थांबलं की तोच चहा-कॉफी अंगात जास्त वेळ राहते, मग छाती धडधडते, झोप नाही, चिडचिड, आणि माणूस म्हणतो बघ, सिगरेट सोडल्यामुळे झालं. पहिल्या दिवसापासून चहा निम्मा करा. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट, दोन ते चार आठवड्यांत बरंच निवळतं. त्या दिवसांत ते तुमच्यावर खेकसतील. जुने हिशोब तेव्हा काढू नका.

प्रश्न : दारू सोडून तीन वर्षं झाली, सिगरेट सोडून सहा महिने. गावच्या जत्रेच्या नाटकाची तालीम चालू आहे, परवा रात्री एकाने पुढे केली आणि ओढली. काल पाकीट घेतलं. आता वाटतंय दारूपण जाणार. घरी बोललो नाही.
– वाचक, डिचोली

उत्तर : भाऊ, तीन वर्षांची सोबर्टी एका सिगरेटने जात नाही, ती मोजणी वेगळी. धोका आहे तो "आता सगळं गेलंच" या विचाराचा, आणि घरी न बोलण्याचा. हे वाचून झाल्यावर उरलेलं पाकीट पाण्यात बुडवा, नुसतं कचऱ्यात टाकलं तर रात्री अकरा वाजता तुम्ही ते शोधाल. आजच स्पॉन्सरला, म्हणजे एएतल्या तुमच्या जुन्या अनुभवी सोबत्याला, फोन करा.

तालीम सोडू नका. फक्त तालीम संपल्यावर स्टेजमागे जे बसणं होतं ना, जिथे आधी सिगरेट फिरते आणि नंतर कुणाच्या तरी पिशवीतून बाटली निघते, तिथे बसू नका, संवाद झाले की थेट घरी. जेवून जा, रिकाम्या पोटी तलफ दुप्पट वाटते. तलफ आली तर ती काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ नाटकाचं पुस्तक घेऊन बाहेर फेऱ्या मारा, लोक म्हणतील पाठ करतोय. एवढ्यानेही राहवत नसेल तर गम परत सुरू करा, त्यात लाज कसली.

प्रश्न : सिगरेटऐवजी व्हेप (ई-सिगरेट) चालेल का? गम खाल्ली तर घसा जळतो आणि उचक्या लागतात.
– वाचक, म्हापसा

उत्तर : व्हेप नको. २०१९ पासून भारतात विक्रीवरच बंदी आहे, त्यामुळे मिळतं ते चोरून आणलेलं, आत काय भरलंय कुणालाच ठाऊक नाही. आणि गम तुम्ही च्युइंगमसारखी चघळताय, म्हणून उचक्या. चार-पाचदा चावा, तिखट लागलं की गालात दाबून ठेवा, तिखटपणा गेला की परत चावा, असं अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी, सरबत नको, नाहीतर निकोटिन तोंडातून आत जातच नाही. फोनवर सल्ला हवा तर तंबाखू सोडण्याची सरकारी क्विटलाइन आहे, १८००-११-२३५६, फुकट.