उत्तर: डब्लिनचे कॅनाल कशाला बांधले, आणि आई-बाबांना घेऊन बोटीने कुठे जाता येईल

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. एक, डब्लिनच्या पोर्टोबेलो भागात घराशेजारून जाणारा कॅनाल नेमका कशासाठी बांधला, त्यात बोट तर कधीतरीच दिसते. दुसरी, जुलैत आई-बाबा येतायत तर त्यांना घेऊन बोटीने आत कुठे जाता येईल का. दुसऱ्याचं उत्तर हो, पण डब्लिनमधून नको. का ते सांगायला आधी थोडा इतिहास.

आपल्याला कालवा म्हटलं की धरण, पाटबंधारे खातं आणि उसाला पाणी एवढंच डोळ्यासमोर येतं. इथे आयर्लंडमध्ये शेताला पाणी द्यायचा प्रश्नच नव्हता, ते वरून हवं त्यापेक्षा जास्तच पडतं. हे कॅनाल म्हणजे माल न्यायचे रस्ते. पहिला मोठा न्यूरीचा, १७४२ चा, टायरोनचा कोळसा डब्लिनला आणता यावा म्हणून. मग १७५६ मध्ये ग्रँड कॅनालचं काम निघालं (हाच तुमच्या घराजवळचा) आणि तो शॅनन नदीला जाऊन मिळाला १८०४ मध्ये! १३१ किलोमीटरला जवळजवळ पन्नास वर्षं. पैसे संपणं वगैरे नेहमीचं होतंच, पण खरा वैताग होता मधल्या बॉग ऑफ ॲलनचा. बॉग म्हणजे पीटची (कुजलेल्या वनस्पतींच्या मातीची) दलदल, त्यातलं पाणी काढलं की जमीन खाली बसत जाते, त्यामुळे कॅनाल हळूहळू आजूबाजूच्या रानापेक्षा उंच बांधावर येऊन बसला. ते दुखणं अजून आहे, १९८९ मध्ये एडनडेरीजवळ बांध फुटला होता.

माल तर जायचाच, पण माणसंही जायची, काठावरून घोडे बोट ओढायचे. प्रवाशांना उतरायला कंपनीने हॉटेलं बांधली, त्यातलं एक तुमच्या पोर्टोबेलोच्या पुलाजवळच आहे, १८०७ चं, इमारत अजून उभी आहे, जाता-येता बघितली असेलच. आणि जुन्या दगडी पुलांच्या कमानीखालून चालत गेलात तर कोपऱ्याच्या दगडावर हात फिरवून बघा, काही ठिकाणी बोटभर खाचा लागतात. घोड्यांचे ओले, वाळू लागलेले दोर वर्षानुवर्षं त्याच जागी घासून दगड कापला गेलाय. मला स्वतःला या सगळ्या प्रकरणात ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.

आता गंमत म्हणजे एक कॅनाल धड पूर्ण झालेला नसताना १७९० मध्ये दुसऱ्या कंपनीने डब्लिनच्या उत्तर बाजूने रॉयल कॅनाल खणायला घेतला, तोही शॅननलाच जाणारा, जवळपास समांतर. एवढा माल होता कुठे? कंपनी बुडाली, उरलेलं काम सरकारी पैशाने १८१७ मध्ये शॅननपर्यंत नेलं, आणि १८४५ मध्ये एका रेल्वे कंपनीने अख्खा कॅनाल विकत घेतला तो मुख्यतः शेजारच्या जमिनीसाठी, रूळ टाकायला. डब्लिनच्या कॉनोली स्टेशनवरून मेनूथच्या ट्रेनमध्ये बसलात की खिडकीतून कॅनाल सोबत पळताना दिसतो तो त्यामुळेच.

याच रॉयल कॅनालच्या काठाने १८४७ च्या दुष्काळात स्ट्रोक्सटाउनच्या जमीनदाराने घालवून दिलेली १४९० माणसं चालत डब्लिनला आली, तिथून लिव्हरपूल आणि पुढे जहाजाने कॅनडा, आणि त्यातली बरीच वाटेतच गेली. त्या वाटेवर आता १६५ किलोमीटरचा फॅमिन वे आहे, मधे मधे ब्राँझमध्ये ओतलेले लहान मुलांचे बूट ठेवलेत. आई-बाबांना इतिहासाची आवड असेल तर स्ट्रोक्सटाउनचं दुष्काळाचं म्युझियम जरूर दाखवा, पण दिवस मोकळा ठेवा आणि त्याच दिवशी दुसरं काही ठरवू नका.

उत्तरेकडे तर अजून कहर. अल्स्टर कॅनालचे लॉक (पाणी वर-खाली करून बोट चढवायच्या-उतरवायच्या दरवाजेवाल्या कोठ्या) शेजारच्या कॅनालपेक्षा अरुंद बांधून ठेवले, म्हणजे माल मधेच उतरवून दुसऱ्या बोटीत भरायचा. आणि शॅनन आणि अर्न या नद्या जोडणारा बॅलिनमोरचा कॅनाल १८६० मध्ये तयार झाला तोवर रेल्वे आली होती, नऊ वर्षांत जेमतेम आठ बोटी गेल्या आणि बंद. सरकारी कामांचे किस्से सगळीकडे सारखेच म्हणायचे.

मग हे सगळं टिकलं कसं? ग्रँड कॅनालवर गिनेस बिअरची पिंपं वगैरे माल १९६० पर्यंत चालू होता, रॉयल १९६१ ला अधिकृत बंदच केला. साठच्या दशकात डब्लिन कॉर्पोरेशनला तुमच्याच घराजवळच्या भागात कॅनालच्या जागी सांडपाण्याची लाइन टाकायची होती, लोकांनी आणि १९५४ पासून काम करणाऱ्या इनलँड वॉटरवेज असोसिएशनने आरडाओरडा केला म्हणून वाचला. सगळा नाही वाचला, लुआस ट्रामच्या रेड लाइनने सुइर रोड ते फातिमा जाता ना, ती गाडी बुजवलेल्या कॅनालवरून जाते. रॉयलसाठी १९७४ पासून साध्या लोकांनी ग्रुप करून सुट्टीच्या दिवशी गाळ काढला, झुडपं तोडली, आणि २०१० मध्ये तो पुन्हा शॅननपर्यंत उघडला. बॅलिनमोरवालाही १९९४ ला शॅनन-अर्न वॉटरवे म्हणून सुरू झाला आणि आता तिथे एका सीझनला जितक्या बोटी जातात तितक्या पूर्वीच्या अख्ख्या आयुष्यात गेल्या नसतील. हे सगळं सांभाळणारी वॉटरवेज आयर्लंड ही संस्था १९९९ ची, नॉर्दर्न आयर्लंडच्या शांतता करारानंतर आयर्लंडच्या दोन्ही भागांनी मिळून काढलेल्या सहा संस्थांपैकी एक, मुख्य ऑफिस एनिस्किलनला.

तर पोर्टोबेलोला बोटी का दिसत नाहीत? कारण शहरातून जायला आधी कळवून वेळ ठरवावी लागते, लॉक एकामागोमाग एक, प्रत्येक स्वतः चालवायचा, पाण्यात शेवाळ आणि शहरातला कचरा. हौशी लोकच करतात. डब्लिनमध्ये कॅनालचा खरा उपयोग म्हणजे चालणं, सायकल आणि उन्हात काठावर कॅन घेऊन बसणं. मेनूथपासून लाँगफर्डपर्यंत रॉयलचा १३० किलोमीटरचा ग्रीनवे (चालायचा-सायकलचा रस्ता) आहे, एकदम सपाट, तो कराच.

बोट हवी असेल तर सरळ ट्रेनने कॅरिक-ऑन-शॅननला जा. तिथे राहायची सोय असलेली बोट भाड्याने मिळते, लायसन्स लागत नाही, निघायच्या आधी ते शिकवतात. पहिल्यांदा लॉफ की हे तळं करा, वाटेत एकच लॉक आहे, क्लॅरेंडन, आणि शॅननवर लॉककीपर असतो. लॉफ री आणि लॉफ डर्ग ही मोठी तळी ज्येष्ठांना घेऊन पहिल्या खेपेला नको, वारा सुटला की चांगल्या लाटा येतात.

लॉकमध्ये एकच गोष्ट जपा. पाणी उतरताना दोर खुंट्याला गाठ मारून बांधायचा नाही, नुसता वेढा देऊन टोक हातात धरायचं आणि बोट खाली जाईल तसा सोडत जायचं. गाठ मारलीत तर पाणी खाली जातं आणि बोट दोराला लटकते, तिरकी होते, आतली भांडी धडाधड पडायला लागतात आणि ताणलेली गाठ काही केल्या सुटत नाही. आणि बाबांना हौस असली तरी हाताने किंवा पायाने भिंतीवरून बोट ढकलू देऊ नका, त्यासाठी बोटीच्या बाजूला फेंडर (धक्का झेलणाऱ्या गाद्या) लावलेले असतात. लाइफजॅकेट सगळ्यांनी, पोहता येत असलं तरी.

शॅनन-अर्नला जायचा मोह झाला तर आधी आई-बाबांचा व्हिसा बघा. तो वॉटरवे बॅलिकॉनेलच्या पुढे नॉर्दर्न आयर्लंडमध्ये, म्हणजे यूकेत शिरतो, पाण्यावर कोणी विचारत नाही पण नियम तो नियमच. व्हिसावर बीआयव्हीएस (ब्रिटन आणि आयर्लंड दोन्हीकडे चालणाऱ्या व्हिसाची खूण) लिहिलेलं असेल तर ठीक, नाहीतर बॅलिकॉनेललाच बोट वळवा, तिथवरचा भागही सुंदर आहे. जुलैच्या बोटी लवकर जातात त्यामुळे बुकिंग आत्ताच करा, आणि जुलै असला तरी स्वेटर, कानटोपी हवीच. बोटीत गॅस असतो, तेव्हा पोहे आणि चहाचा मसाला घेऊन जा, सकाळी जेटीला बोट बांधलेली असताना जवळपास हॉटेल सापडेलच असं नाही.