डीव्हीडी प्लेअर असताना सीडी प्लेअर घ्यावा का?
वेगळा सीडी प्लेअर घेण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे, की सीडीवरील ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटची माहिती दोन्ही यंत्रे वाचतात. फरक पडतो तो तिचे ध्वनीच्या विद्युत संकेतात रूपांतर करणाऱ्या डॅकमध्ये (डिजिटल-टू-अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर) आणि त्यापुढील अ‍ॅनालॉग भागात, जो स्वस्त डीव्हीडी प्लेअरमध्ये बहुधा काटकसरीने बनवलेला असतो. तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरला डिजिटल इनपुट असेल, तर आधी कोअ‍ॅक्सियल किंवा ऑप्टिकल केबल जोडून पाहावी. मग रूपांतर अ‍ॅम्प्लिफायरच करतो आणि प्लेअरचा डॅक बाजूला राहतो. तुलना करताना दोन्हींच्या आवाजाची पातळी समान ठेवावी, कारण किंचित मोठा आवाज कानाला सरस वाटतो. पैसे आधी स्पीकरवर खर्चावेत, असे माझे मत आहे. मात्र डीव्हीडी प्लेअरवर गाणे निवडण्यासाठी टीव्ही लावावा लागणे मला जाचत असे, आणि (खरे सांगायचे तर) मी सीडी प्लेअर घेतला तो त्याच कारणाने.