शहराच्या नियोजनात जागेवरच्या प्रेमाला खरंच काही किंमत असते का?

तुम्ही विचारलंय की जागेवरचं प्रेम नियोजनात खरंच कामाला येतं, की तो नुसता भावनेचा मामला आहे, आणि येत असेल तर मग करायचं काय. मी मुंबईपुरतं बोलतो. कामाला येतं, कारण त्या प्रेमापोटी माणसाला जागेची खडान्‌खडा माहिती झालेली असते. नुसत्या उमाळ्याने नालासुद्धा साफ होत नाही.

वरळी कोळीवाड्याचंच घ्या. समुद्राकडेने जाणारा कोस्टल रोड वांद्रे-वरळी सी लिंकला जोडणारा पूल क्लीव्हलँड बंदरासमोरून जातो आणि कोळ्यांच्या होड्यांची समुद्रात जायची वाट तीच. आराखड्यात दोन खांबांमधलं अंतर होतं ६० मीटर. ऐकायला भरपूर वाटतं, होडीची रुंदी ती किती! पण नकाशावरची होडी हलत नाही. वारा सुटला, समुद्र खवळला, खांबांपाशी पाण्याची ओढ वाढली आणि समोरून दुसरी होडी आली, की एवढ्या जागेत होडी खांबावर आपटायला वेळ लागत नाही, हे कोळी जीव तोडून सांगत होते. त्यांनी २०० मीटर मागितले, होड्या घेऊन जाऊन समुद्रातलं काम अडवलं. अखेर डिसेंबर २०२२मध्ये १२० मीटरवर तोडगा निघाला. माझं म्हणणं एवढंच, की आराखडा काढायच्या आधी कुणी बंदरावर जाऊन चार नाखवांशी बोललं असतं तर हा वेळ वाचला असता. तिथे राहणाऱ्याला समुद्राचा स्वभाव माहीत असतो, आणि जाऊन विचारायला सल्लागाराची फी पडत नाही.

शहराचा विकास आराखडाही असाच तोंडावर आपटला होता. फेब्रुवारी २०१५मध्ये मसुदा आला तेव्हा लोकांनी आपापल्या गल्ल्या त्यात शोधल्या आणि चुकाच चुका सापडल्या. कुठे उभ्या इमारतीवरून रस्ता, कुठे वारसा वास्तूची नोंदच नाही. हरकतींचा पाऊस पडला. एप्रिलमध्ये तो मसुदा बाजूला ठेवून नव्याने काम करायला सांगावं लागलं, आणि सुधारित आराखडा २०१८मध्ये मंजूर झाला.

उलट दादरची पारशी कॉलनी बघा. १८९६च्या प्लेगनंतर दोन वर्षांनी शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याची आखणी त्याच्याच योजनेतली. पण तिथले भूखंड मध्यमवर्गीय पारशांसाठी मिळवले ते मंचेरजी जोशी या इंजिनिअरने. इमारती ठेंगण्या, आणि रस्त्याकडेला विचार करून लावलेली झाडं. आज मे महिन्याच्या दुपारी तिथून चालून बघा आणि मग टिळक पुलावर या, फरक घामात कळेल. ती सावली टिकली याचं श्रेय मी झाडं लावणाऱ्यांइतकंच, फांदीवर कुऱ्हाड पडली की खाली उतरणाऱ्या रहिवाशांनाही देतो.

आता दुसरी बाजू, कारण ती सोडली तर उत्तर गोडगोड होईल. २०१२मध्ये शिवाजी पार्क परिसराचं नाव वारसा यादीच्या प्रस्तावात आलं तेव्हा तिथल्याच अनेक रहिवाशांनी विरोध केला. पार्कावर त्यांचा जीव नव्हता असं कोण म्हणेल? पण जुनी इमारत पडायला आलेली, आईला तीन जिने चढवत नाहीत, आणि पुनर्विकास अडकणार ही धास्ती. प्रेम करणाऱ्यालाही लिफ्ट हवी असते. वारसा जपायचा खर्च फक्त त्याच्याच माथी मारणं मला पटत नाही.

आणि प्रेम कधीकधी मालकी हक्कासारखं वागतं. आमच्या भागातल्या एका बागेचं फाटक दुपारभर बंद असतं. कारण काय, तर ‘बाहेरचे’ येऊन बाकांवर झोपतात. ते बाहेरचे म्हणजे आमच्याच घरी पार्सल आणणारी मुलं आणि चार घरची धुणीभांडी करून दमलेल्या बायका. त्यांचाही त्या सावलीवर जीव असेलच की. पण बैठकीत त्यांना कोण बोलावतं?

म्हणून तुमच्या प्रश्नातल्या ‘मग करायचं काय’ला माझं साधं उत्तर: हरकती-सूचना मागवताना नकाशे वॉर्ड ऑफिसात आणि वेबसाइटवर ठेवून थांबू नका. ते मासळी बाजारात लावा, रेशनच्या दुकानाबाहेर लावा, मराठीत लावा, आणि संध्याकाळी सात ते नऊ तिथे एक इंजिनिअर बसवा. सकाळी अकरा ते पाच ज्यांना सवड असते, त्यांचंच म्हणणं सध्या जास्त ऐकलं जातं.