पांढऱ्या पेशी इतक्या वाढलेल्या असूनही ब्लड कॅन्सरच्या रुग्णाला सारखं इन्फेक्शन का होतं?

कारण त्या पेशी नुसत्या मोजायला असतात, कामाला नाहीत. अण्णांना एएमएल (ब्लड कॅन्सरचा एक प्रकार) निघाला तेव्हा पांढऱ्या पेशींचा टोटल काउंट १,१२,००० होता. नॉर्मल ४,००० ते ११,०००. आत्या म्हणाली, "एवढी फौज असताना याला काय होतंय?" पण बहुतेक सगळ्या ब्लास्ट होत्या, अर्धवट वाढलेल्या. त्यांना जंतू मारता येत नाहीत, वर जिथे रक्त तयार होतं त्या बोनमॅरोतली जागा अडवून बसतात, त्यामुळे चांगल्या न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, तयारच होत नाहीत. टोटल बघू नका, एएनसी, म्हणजे न्यूट्रोफिलचा आकडा बघा.

तिसऱ्या केमोनंतर अकराव्या दिवशी अण्णा इंदिरानगरला घरी होते. केमोने एएनसी १८० वर आलेला, पाचशेच्या खाली गेला की जिवाला धोका. आत्या पंचवटीतून रामकुंडाचं, म्हणजे गोदावरीचं तीर्थ घेऊन आली. तांब्याचा गडू, तोंडाला ओलं फडकं बांधलेलं. नुसतं ओठाला लावते म्हणाली. मी दारातच अडवलं. गडू तुळशीत रिकामा करून ती चहाही न घेता गेली.

त्याच रात्री अण्णांना १०१ ताप. घसा लाल नाही, खोकला नाही, सुईच्या जागी सूज नाही. सकाळी बघू म्हणणार होतो. पण पू होतो तोच मुळात न्यूट्रोफिलचा. त्याच नसल्या तर आत आग लागली तरी बाहेर काही दिसत नाही. दीड वाजता हॉस्पिटल गाठलं, लगेच अँटिबायोटिक सुरू झालं, म्हणून वाचले. ताप १००.४ दिसला की निघा, पॅरासिटामॉल देऊन वाट बघू नका.

ब्लड कल्चरमध्ये जंतू निघाला तो आतड्यात राहणारा. आत्याने तेच धरलं: "बघ, माझ्या पाण्याचा नव्हताच!" अहो, ज्याला स्वतःच्या पोटातला जंतू आवरत नाही, त्याला नदीचं पाणी पाजायचं? प्रतिकारशक्तीसाठी गुळवेलीचा काढा सुचवणाऱ्यांनाही माझं हेच उत्तर. मॅरोच ठप्प आहे, काढा वाढवणार काय? शिवाय गुळवेलीने लिव्हरला इजा झालेले रुग्ण नोंदले गेले आहेत.

हे सगळं एएमएलचं. सीएलएल किंवा मायलोमा हे ब्लड कॅन्सरचे दुसरे प्रकार असतील तर मुख्य अडचण अँटिबॉडी कमी पडण्याची असते, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

आत्याचं आजही एकच, "भावाच्या ओठाला थेंबभर गंगा लावू दिली नाहीस." नाही दिली, आणि एएनसी १८० असताना उद्याही देणार नाही.