‘कोच व्हायचंय’ म्हणतो

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉम्प्युटर सायन्सला. शाळेच्या बास्केटबॉल संघात त्याला कधी घेतलं नाही, पण आता कॉलेजच्या संघाचा ‘स्टुडंट मॅनेजर’ आहे. म्हणजे टॉवेल आणि पाण्याच्या बाटल्या! थँक्सगिव्हिंगला घरी आला आणि म्हणाला, मला कॉलेजचा हेड कोच व्हायचंय, मेजर (पदवीचा मुख्य विषय) बदलतो. त्याचे बाबा दोन आठवडे त्याच्याशी बोलले नाहीत. काय करू? – एक आई

ताई, आधी त्या टॉवेलांचं बोलू. तुमच्याच राज्यातल्या टीनेकचा लॉरेन्स फ्रँक. त्यालाही शाळेच्या संघात जागा मिळाली नव्हती. इंडियाना विद्यापीठात तो कोच बॉब नाइट यांच्या संघाचा मॅनेजर होता, म्हणजे तुमचा मुलगा करतो तेच करत होता. २००४ मध्ये हा माणूस एनबीए या व्यावसायिक लीगमधल्या नेट्स संघाचा हेड कोच झाला आणि त्याने पहिले सलग तेरा सामने जिंकले. आता हे वाचून मुलाला लगेच फोन करू नका. असे फ्रँक बोटांवर मोजण्याइतकेच असतात. एवढंच लक्षात घ्या की मुलगा आडवाटेला लागलेला नाही. न खेळलेल्या माणसाला आत शिरायला जी दारं आहेत, त्यातल्याच एका दारात तो उभा आहे.

बाकीचे कुठून येतात? डॅन हर्ली बघा. जर्सी सिटीचा, स्वतः कॉलेजात खेळलेला, वडील नावाजलेले कोच. एवढं पाठीशी असूनही त्याने नेवार्कच्या सेंट बेनेडिक्ट्स शाळेत नऊ वर्षं मुलांना खेळवलं. मग वॅग्नर कॉलेज, मग ऱ्होड आयलंड विद्यापीठ आणि २०१८ मध्ये कनेक्टिकट विद्यापीठ. २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं मिळाल्यावर सहा वर्षांचा पाच कोटी डॉलर्सचा करार झाला. पेपरात तो आकडा छापून येतो, नेवार्कची नऊ वर्षं येत नाहीत.

डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटात, पुरुषांचे साडेतीनशेहून जास्त संघ आहेत. म्हणजे हेड कोचच्या खुर्च्याही तेवढ्याच, आणि प्रत्येक खुर्चीमागे असिस्टंट, व्हिडिओवाला, मास्टर्स करता करता संघाचं काम करणारा ग्रॅज्युएट असिस्टंट अशी रांग. मार्च संपता संपता खुर्च्या हलायला लागतात. फायनल फोर, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेतल्या शेवटच्या चार संघांचे सामने जिथे होतात, त्या शहरात कोचेसचं अधिवेशनही भरतं आणि हॉटेलच्या लॉबीत नोकरी शोधणारे पोलो शर्टात ताटकळत असतात. हेड कोच गेला की त्याच्या हाताखालची माणसंही बहुधा गाशा गुंडाळतात. लग्नाच्या बायोडेटात हे कसं लिहायचं, ते मला विचारू नका.

शिवाय कामही बदललंय. २०२१ पासून खेळाडू स्वतःच्या नावावर, जाहिराती वगैरे करून, पैसे कमावू शकतात आणि कॉलेज बदललं तरी वर्षभर बाकावर बसावं लागत नाही. जुलै २०२५ पासून विद्यापीठं त्यांना थेट पैसे देऊ शकतात, सगळ्या खेळांचे मिळून वर्षाला जवळपास दोन कोटी डॉलर्सपर्यंत. म्हणजे दर वसंतात संघाची मोट नव्याने बांधायची, एजंटांशी बोलायचं, देणगीदारांना धरून ठेवायचं. व्हर्जिनिया विद्यापीठाला २०१९ चं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणाऱ्या टोनी बेनेट यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये, मोसम तोंडावर असताना, काम सोडलं. या नव्या वातावरणाला आपण योग्य नाही, असं त्यांनी स्वतःच सांगितलं.

मेजर बदलण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. बदलू नये. हेड कोच व्हायला अमुकच पदवी लागते असं नाही आणि व्हिडिओ-आकडेवारीचं काम येणारा पोरगा संघाला हवाच असतो. प्रतिस्पर्ध्याचा एकच पिक अँड रोल (दोन खेळाडूंनी मिळून खेळायचा डाव) व्हिडिओवर चाळीसदा मागे-पुढे करून ‘यांचा चार नंबरच्या जागेवरचा खेळाडू नेहमी उशिरा वळतो’ हे शोधायचं आणि कोचला दहा सेकंदांची क्लिप द्यायची. रात्री दीडला हे करताना त्याला मजा येते का? विचारा त्याला. येत असेल तर टॉवेलांबरोबर व्हिडिओचं काम त्याने आत्ताच मागून घ्यावं. उन्हाळ्यात लहान मुलांच्या कॅम्पमध्ये शिकवावं. शिकवायचा कंटाळा असेल तर तिथेच कळेल. कॉलेज बास्केटबॉलचे नामवंत कोच जॉन वुडन आधी इंग्रजीचे शिक्षक होते, आणि यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या खेळाडूंना पहिल्या दिवशी मोजे नीट कसे घालायचे ते शिकवायचे, पायाला फोड येऊ नयेत म्हणून.

पदवीनंतर ग्रॅज्युएट असिस्टंटशिप : बऱ्याच ठिकाणी मास्टर्सची फी माफ होते, हातात मात्र थोडेच पैसे पडतात. सत्ताविसाव्या वर्षी वर्गमित्र घर घेत असतील आणि हा तिसऱ्या गावात भाड्याने राहत असेल. त्याच्या बाबांचा राग याच चित्राचा आहे, आणि तो चुकीचा नाही. म्हणून वय ठरवा. समजा तिशीपर्यंत पूर्णवेळ असिस्टंटची जागा मिळाली नाही, तर पदवी आहेच. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी शाळेचा संघ, हेही करता येतं. हर्लीचे वडील बॉब हर्ली प्रोबेशन ऑफिसर होते. सेंट अँथनी हायस्कूलचा संघ सोडून ते कॉलेजात कोच म्हणून गेले नाहीत, तरी २०१० मध्ये बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये पोहोचले.

आता एक काम तुमच्याकडे. कोचची परवानगी काढून त्याच्या बाबांना एकदा सरावाला पाठवा. मॅचला नको, मॅच सगळ्यांनाच आवडते. दोन तास मुलाला काम करताना बघू दे. पगाराचा विषय जाताना काढायचा नाही, येताना गाडीत काढा म्हणावं.