प्रिंटपुढचा कंस

प्रश्न : इंदापूर तालुक्यात आमचं दूध संकलन केंद्र आहे. रोजच्या नोंदी आणि दर दहा दिवसांची बिलं मीच एक्सेलवर करते. आता पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायचं मनात आहे. बारावी कॉमर्स झालंय, इंग्रजी बेताचं. पुण्याला अप्पा बळवंत चौकातून 150 रुपयांना जुनं पुस्तक आणलं, पण पहिलाच प्रोग्रॅम जसाच्या तसा टाइप करूनही लाल अक्षरांत चूक येते. भाचा म्हणतो, व्हिडिओ बघ. चार कोर्स सुरू केले, एकही पुढे सरकला नाही. नेमकं कशावरून शिकू?
– एक वाचक

उत्तर : ताई, टायपिंग तुमचं बरोबरच असणार. पुस्तकात प्रिंट या, स्क्रीनवर उत्तर दाखवायला सांगणाऱ्या शब्दापुढे कंस नाही ना? (मामा नव्हे, चिन्ह.) मग ते पायथन 2 चं पुस्तक आहे आणि तुमच्या कॉम्प्युटरवर पायथन 3 आहे. तिसरी आवृत्ती डिसेंबर 2008 मध्ये आली, दुसरीची देखभाल 1 जानेवारी 2020 ला थांबली. जुन्या बाजारातली पुस्तकं मात्र फिरतच राहतात.

लाल अक्षरांतली चूक निदान दिसते तरी. 7 भागिले 2 केलं तर पायथन 2 गुपचूप 3 म्हणतं, पायथन 3 म्हणतं 3.5. तो अर्धा पॉइंट फॅटचा असला तर किती रुपयांना पडतो, हे मी तुम्हाला काय सांगणार!

तेव्हा ते पुस्तक बाजूला ठेवा. नवं घेताना दुकानात उभ्या उभ्याच दोन गोष्टी बघा : प्रिंटपुढे कंस आहे का, आणि प्रकरणाच्या शेवटी स्वतः सोडवायला काही दिलंय का. नसेल तर कव्हर कितीही चकचकीत असो, परत ठेवा.

मी 1996 मध्ये पॉलिटेक्निकला शिकवायला लागले, तेव्हा मलाच सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा धड येत नव्हती. तीन जाडजूड पुस्तकं आणली. तिन्हींची पहिली तीन प्रकरणं पाठ झाली, पॉइंटर (आकडा मेमरीत कुठे ठेवलाय, त्याचा पत्ता) एकातूनही कळला नाही. शेवटी टर्बो सी या सॉफ्टवेअरच्या निळ्या स्क्रीनवर वर्गाचा निकाल काढायला बसले. आकडा आत घेणाऱ्या स्कॅनएफ या आज्ञेत पत्ता सांगणारं अँडचं चिन्ह (&) विसरले आणि पोरांना भलतेच गुण पडायला लागले. दोन संध्याकाळी त्यात गेल्या, पण आकडा वेगळा आणि त्याचा पत्ता वेगळा, हे तेव्हा जे डोक्यात बसलं ते आजतागायत.

तुमच्याकडे दुधाची बिलं आहेत, म्हणजे सरावाचा प्रश्न नाही. पुस्तक एकच घ्या. स्वरूप सी. एच. यांचं ‘अ बाइट ऑफ पायथन’ इंटरनेटवर मोफत आहे, छोटं आहे, इंग्रजी सोपं आहे. त्यात फायलींचा बॅकअप घेणारा एक प्रोग्रॅम टप्प्याटप्प्यानं सुधारत नेलाय. तो करून बघाच, तुमच्या नोंदींनाही उपयोगी पडेल. क्लासबद्दलचं (शिकवणी नव्हे, मोठ्या प्रोग्रॅमची मांडणी) प्रकरण आलं की खुशाल ओलांडा. तुम्हाला इफ (अट), फॉर (तेच काम पुन्हा पुन्हा), लिस्ट (यादी), डिक्शनरी (नावापुढे त्याची माहिती) आणि फाइल वाचणं-लिहिणं एवढंच हवंय.

व्हिडिओच हवे असतील तर आयआयटी मुंबईचे ‘स्पोकन ट्युटोरियल’ बघा. एकेक साधारण दहा मिनिटांचा असतो आणि बघता बघता स्वतः करण्यासाठीच बनवलेला असतो. पायथनची मालिका निवडताना तिथेही नावात 3 आहे ना, हे तपासा. मोबाइलवर बघा, पण टाइप कॉम्प्युटरवर करा. नुसतं बघत राहिल्यामुळेच ते चार कोर्स अडले असावेत, असा माझा संशय आहे.

सुरुवात एकाच उत्पादकाच्या दहा दिवसांच्या बिलापासून करा. सकाळचं 4.5 आणि संध्याकाळचं 5 लिटर मिळवल्यावर 4.55 आलं तर दचकू नका. इनपुट या आज्ञेनं कीबोर्डवरून घेतलेला आकडा पायथन मजकूर समजतं आणि शेजारी शेजारी चिकटवून टाकतं. आधी फ्लोट लावून त्याचा दशांश आकडा करा, मग बेरीज करा. आणि उत्तर एक्सेलशी पैशापैशानं जुळेपर्यंत लोकांच्या हातात एक्सेलचीच बिलं द्या.