माळ्यावरची शिराझ

प्रश्न : नाशिकहून शिराझ या लाल वाइनच्या चार आणि शेनिन ब्लाँ या पांढऱ्या वाइनच्या दोन बाटल्या आणल्या. मुलगी बारावीत आहे. तिच्या लग्नापर्यंत मुरवता येतील का? घरात कूलर आहे.
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : दादा, शेनिन ब्लाँ ठेवूच नका. ताजा फळांचा वास हाच तिचा जीव. याच हिवाळ्यात उघडा. शिराझमध्ये द्राक्षाच्या सालीतून उतरलेलं टॅनिन हे तुरट द्रव्य असतं, म्हणून ती काही वर्षं टिकते. पण मुरायला १२ ते १४ अंश लागतात, तेही स्थिर. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ गाठतो! महाल भागातल्या घरी मी एका उन्हाळ्यात दोन बाटल्या माळ्यावर ठेवल्या होत्या. जूनमध्ये पाहतो तर बूच वर सरकलेलं, लेबलवर चिकट ओघळ, आणि चव शिजवलेल्या जांभळांची. फार जीव हळहळला.

कूलरवर विसंबू नका, दिवस-रात्रीचा फरक राहतोच, वर लेबलांना बुरशी. साधा फ्रिज काही आठवडे ठीक. पुढे कोरड्या थंडीत बूच आकसतं, हवा आत शिरते. वाइनसाठीचं छोटं थंड कपाट मिळतं, ते घ्या. बुचाच्या बाटल्या आडव्या ठेवा, फिरकीच्या झाकणाच्या उभ्या चालतात.

लग्नाची वाट मात्र पाहू नका. दरवर्षी एक बाटली उघडा, चव वहीत लिहा. सोबत सावजी नको. त्या तिखटात टॅनिन कडू लागतं. साधं भाजलेलं मटण करा.